हिरवं गोंदण

मुलगी टॅटू काढून घरी आली की कुणीतरी हमखास विचारतं, “म्हातारपणी कातडी लोंबली की कसं दिसेल हे?” विचारणाऱ्याच्या आईच्या नाहीतर आजीच्या हातावर या प्रश्नाचं उत्तर बहुधा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच गोंदलेलं असतं.

तो हात जवळून पाहावा. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन आहे. गोंदलं तेव्हा त्याच्या पायऱ्या सुट्या होत्या, भोवतीचे ठिपके मोजता येत होते. आता ठिपके पसरून एकमेकांना टेकलेत आणि कडा मऊ झाल्यात. आतल्या बाजूचा विंचू उन्हापासून दूर राहिला, म्हणून अजून गडद आहे. आणि रंग काळा राहिलेला नाही. तो हिरवट-निळा आहे.

हा हिरवेपणा भाषांनीही टिपला आहे. मराठी ‘गोंदणे’ आणि हिंदी ‘गोदना’ ही सख्खी भावंडं; त्यांत टोचण्याची क्रिया आहे. तमिळमध्ये मात्र गोंदणाला ‘पच्चै’ म्हणतात, म्हणजे हिरवं. कन्नड ‘हच्चे’ त्याच कुळातला. तेलुगूत ‘पच्चबोट्टु’, हिरवी टिकली. टोचताना काजळी काळीच असते. म्हणजे दक्षिणेने या कलेला नाव दिलं ते मुरलेल्या रंगावरून.

काजळी काळी असून हिरवी का दिसते? तिचे कण वरच्या कातडीत राहत नाहीत, त्याखालच्या थरात बसतात. मधली कातडी प्रकाशातला निळा भाग जास्त विखुरते आणि आपल्या गव्हाळ वर्णातून तो हिरवट दिसतो. हे कण गिळून धरून ठेवतात त्या शरीराच्या भक्षक पेशी. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अशी पेशी मेली की कण सुटतात आणि शेजारची नवी पेशी ते उचलते. गोंदण टिकतं ते असं हातोहात. वर्षानुवर्षं काही कण जरा सरकतात, काही वाहून जातात, आणि रेघ रुंदावते.

गोंदणारणीला पेशी ठाऊक नव्हत्या. म्हातारे हात मात्र तिने भरपूर पाहिले होते. काजळी, तिच्यात कुठे अंगावरचं दूध, कुठे पाल्याचा रस, एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया आणि वर लावायला हळद, एवढं तिचं सामान. मोबदला पुष्कळदा सुपातलं धान्य. पोर रडू लागली की तिला गाण्यात गुंगवणं हाही कामाचाच भाग. तिच्या नक्षीत ठिपके, ठसठशीत रेघा आणि मोकळी जागा असे. पाच ठिपक्यांचे पांडव पसरले तरी पांडवच राहतात. बारीक अक्षरांचं तसं नाही, ती मिटत जातात.

ही रीत फार जुनी आहे. इजिप्तमधल्या गेबेलीनची, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची एक स्त्री आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१८ साली अवरक्त छायाचित्रणाने तिच्या खांद्यावर ओळीने गोंदलेल्या नागमोडी खुणा सापडल्या. तिच्या गोंदणाच्या काळ्या रंगातही काजळीच असावी, असं संशोधक मानतात.

आपल्याकडे गोंदण हा बाईचा न उतरणारा दागिना. सोनं मोडावं लागतं, मंगळसूत्र काढून घेतलं जातं, कपाळावरचं कुंकू पुसलं जातं. भुवयांमधला गोंदलेला ठिपका कुणाला पुसता येत नाही. मेल्यावर सोबत येतं ते गोंदणच, अशी समजूत गावोगाव होती. याच देशात, याच शब्दाने, शिक्षाही दिली गेली. १७९७ च्या बंगाल नियमनानुसार कंपनी सरकार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा ‘गोदना’ म्हणून टोचत असे. ते १८४९ साली बंद झालं.

१८९१ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम्युएल ओ’रायली यांनी विजेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे अशीच यंत्रं आपल्या जत्रांतही आली आणि तुळशीच्या जागी नावं आली. एकच सुई सगळ्यांना टोचल्याने कावीळ किंवा एचआयव्ही पसरू शकतो, तेव्हा जुन्या रीतीचं सरसकट कौतुक करू नये. पण आजीचं ते गोंदण गावंढळ आणि नातीचा तो टॅटू, हा भेद निव्वळ अन्यायाचा आहे. शिकलेल्या सुनांनी लांब बाह्यांत हात लपवले, काहींनी लेझरने ठिपके काढून घेतले, ते या भेदापायी.

त्याहून खटकतो तो सुरुवातीचा प्रश्न. तो मुलीलाच विचारला जातो. मुलाच्या दंडावरच्या वाघाचं म्हातारपण कुणी काढत नाही. बाईच्या कातडीने म्हातारं होऊ नये, ही अपेक्षा त्यामागे आहे. गोंदणारणीची तशी अपेक्षा नव्हती. हात रापणार, सुरकुतणार हे धरूनच तिने सुई उचलली होती.

आजी असेल तर तिचा हात हातात घ्या. कुठल्या खुणेला काय म्हणतात, कुणी गोंदलं, कुठे बसून, हे विचारा आणि लिहून ठेवा. काही खुणांची नावं आता फक्त तिलाच माहीत आहेत.