दाबून फिरवावयाचे टोपण

विषारी द्रव्याच्या बाटलीस इतर बाटल्यांहून निराळे रूप असावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाची आहे, आणि तिच्या मुळाशी बालकाची नव्हे तर प्रौढाची चिंता होती. रात्री दिवा न लावता फडताळात हात घालून खोकल्याच्या औषधाऐवजी कार्बोलिक अ‍ॅसिड उचलणाऱ्या गृहस्थास नुसत्या स्पर्शाने भान यावे म्हणून इंग्लंड-अमेरिकेत अशा बाटल्यांच्या अंगावर उभ्या धारा काढीत व काचेस गडद निळा किंवा हिरवा रंग देत. १८७६ साली तर केंटकीतील लुईव्हिलच्या जेम्स बोल्स यांनी शवपेटीच्या आकाराच्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली हाती घेणाऱ्यास मृत्यूचे भय ठाऊक आहे, हे या साऱ्या योजनांचे गृहीत होते. दोन वर्षांच्या मुलास ते भय कोठून असणार? निळ्या काचेची, खरबरीत, चमत्कारिक आकाराची ती वस्तू त्याला खेळण्यासारखीच वाटावयाची.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे वैगुण्य असह्य झाले. औषधांचे साठे घरोघर होऊ लागले, आणि त्यांत अ‍ॅस्पिरिन अग्रभागी होते. मुलांनी खळखळ न करता गोळी घ्यावी म्हणून अमेरिकन कारखानदारांनी तिला नारिंगाची चव आणि गोडी दिली होती. मूल गोळी मागून घेऊ लागले आणि आईची पाठ फिरताच बाटलीही रिकामी करू लागले. १९५३ साली शिकागोत विषबाधेसंबंधी सल्ला देणारे पहिले केंद्र निघाले, आणि अमेरिकेतीलच डरहॅमचे बालरोगतज्ज्ञ जे अरीना यांनी सुरक्षित टोपणासाठी कारखानदारांचा पिच्छा पुरविला.

परंतु आज जगभर प्रचलित असलेल्या टोपणाचे जन्मस्थान कॅनडातील विंडसर हे होय. तेथील बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो हे १९५७पासून गावच्या विषबाधा-केंद्राचे प्रमुख होते. औषधे उंच ठेवा, कपाटात ठेवा, असा उपदेश पालकांस करण्यात त्यांची काही वर्षे गेली आणि पोट धुण्यासाठी आणलेल्या मुलांची रांग मात्र खुंटेना, तेव्हा माणसाच्या सावधगिरीवर विसंबण्यापेक्षा बाटलीचाच बंदोबस्त करावा या निष्कर्षावर ते आले. येथे स्थानमाहात्म्य उपयोगी पडले. डेट्रॉइटच्या समोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर वसलेले विंडसर हे मोटारींच्या कारखान्यांचे आणि साचे करणाऱ्या कुशल कारागिरांचे गाव. त्यांपैकीच पीटर हेजविक या कारखानदाराने ‘पाम-अँड-टर्न’ हे टोपण सिद्ध केले. ते १९६७ साली वापरात आले आणि विंडसर परिसरातील बालकांच्या विषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्या. ऑन्टॅरिओ सरकारने ते १९७४ साली सक्तीचे केले.

हे टोपण बळकट नाही; मनात आणले तर एखादे दांडगे पोर ते दगडाने फोडू शकेल. त्याची खुबी निराळी आहे. टोपणाच्या आतील दाते बाटलीच्या गळ्यावरील खाचांत अडकलेले असतात व आतील लवचीक भाग त्यांना वर रेटून धरतो. तळहाताने खाली दाबावे तेव्हा दाते खाचेतून मोकळे होतात, आणि दाब न सोडता फिरवावे तेव्हाच टोपण निघते. दाबणे व फिरवणे या दोन्ही क्रिया मुलास येतात, परंतु परस्परांशी संबंध नसलेल्या त्या क्रिया एकाच क्षणी करावयाच्या हे त्या वयाच्या बुद्धीस सहसा सुचत नाही. किल्ली कोणाच्या कनवटीस न देता ती वयाच्या स्वाधीन करणारे हे कुलूप आहे, आणि या विषयातला खरा शोध मी एवढाच मानतो.

अमेरिकेत १९७० सालच्या ३० डिसेंबरला विषप्रतिबंधक वेष्टनांचा कायदा मंजूर झाला. त्याच्या नियमांतील परीक्षा मोठी मनोरंजक आहे, कारण तेथे यंत्राऐवजी मुलेच परीक्षक असतात. ४२ ते ५१ महिने वयाच्या मुलांना दोन-दोनांच्या जोडीने बसवून बाटल्या देतात व पाच मिनिटे झगडू देतात. मग मोठे माणूस एक शब्दही न उच्चारता टोपण उघडून दाखवते, त्यानंतर हवे तर दात लावा अशी मुभा देते, आणि आणखी पाच मिनिटे मिळतात. प्रात्यक्षिकापूर्वी निदान ८५ टक्के व नंतरही ८० टक्के मुले हरली तर वेष्टन उत्तीर्ण. शंभर टक्क्यांचा आग्रह कायद्याने धरला नाही, हे त्याचे शहाणपणच म्हटले पाहिजे.

मात्र मसुदा करणाऱ्यांस वृद्धांचा विसर पडला होता. मोठ्यांना टोपण उघडता येते की नाही याची चाचणी १८ ते ४५ वयाच्या माणसांवर होई, आणि औषधाची गरज अधिक कोणाला, तर संधिवाताने बोटे आखडलेल्या आजी-आजोबांना! त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला: टोपण सैलच ठेवायचे, किंवा गोळ्या दुसऱ्या डबीत ओतायच्या, आणि नातवंडे सुटीत राहावयास आली की ती डबी त्यांच्या हाती लागे. अखेर १९९५ साली नियम बदलून परीक्षेस ५० ते ७० वर्षांची माणसे बसविण्यात आली. या फेरफारामुळे कारखानदारांना बळाऐवजी युक्तीवर भर द्यावा लागला. या टोपणाशी आणखी एका वेष्टनाची गल्लत मात्र करू नये: १९८२ साली शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामकाच्या बाटल्यांत कोणी सायनाइड मिसळून सात जीव घेतले, त्यानंतर आलेले मोहोरबंद वेष्टन हे निराळ्या घराण्याचे: ते कोणास अडवीत नाही, बाटली आधी कोणी उघडली एवढीच साक्ष देते.

आपल्याकडे या टोपणाचा प्रवास विपरीत झाला. गोव्यातील व्हेर्ण्याच्या कारखान्यांतून अमेरिकेस जाणाऱ्या गोळ्या अशाच टोपणाच्या बाटल्यांत भरल्या जातात, परंतु आपल्या घरी गोळी बहुधा पट्टीतून येते व दुकानदार ती कात्रीने हवी तेवढी कापून देतो. पट्टीचाही अमेरिकन नियमांत विचार आहे: परीक्षेत मुलाने आठांहून अधिक गोळ्या, किंवा औषध जहाल असल्यास घातक ठरण्याजोग्या एक-दोनच गोळ्या, सोडविल्या तर ते वेष्टन त्या मुलापुरते नापास होते.