जुन्या प्राकारातील नवा दगड

देवालयाचा इतिहास लिहिताना आपले लक्ष शिखराकडे, दीपस्तंभाकडे, फार तर ताम्रपट व सनदांकडे जाते. ज्यावर उभे राहून आपण हे सारे पाहतो, त्या पायाखालच्या फरसबंदीला मात्र कोणी इतिहासाचे साधन मानीत नाही. वास्तविक प्राकारातील दगड हेही एक दप्तरच होय. आणि जीर्णोद्धाराच्या उत्साहात पहिल्याने नाहीसे होते ते हेच.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील मुलुखात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. भाविकांना देव हलविता आले, अंगणे हलविता आली नाहीत. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, १७३८ च्या सुमारास, नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने उभे राहिले. ज्या समाजाने एकदा आपले अंगण गमावले, त्याने दुसरे स्वतःच्या हाताने उखडू नये, असे आम्हांला वाटते.

आपल्या प्रांताचा खरा दगड म्हणजे जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अंगडीपुरम येथे तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात त्यास विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ म्हटले. खाणीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापला जातो. वारा लागला की कठीण होतो. यातच कारागिराचा पहिला नियम आहे: चिरा आणल्यावर तो फार दिवस पडू देऊ नये, लवकर घडवावा.

दुसरा नियम याहून मोठा आहे. फुटलेल्या फरशीच्या जागी नवी बसवावयाची, तर टाकी नव्या दगडावरच चालावी. शेजारच्या जुन्या दगडाची कड कधीही तासू नये. जुनी जागा क्वचितच काटकोनात असते. म्हणून गुण्यावर विसंबून न राहता त्या जागेचाच साचा घ्यावा, सांध्यापुरते अंतर सोडावे आणि दगड किंचित मोठा ठेवून थोडाथोडा कमी करावा. जास्त तासलेला दगड पुन्हा वाढत नाही. जाडी कमी करावयाची ती खालच्या अंगाने. बाजूही तळाकडे थोड्या आत उतरत्या ठेवाव्या, म्हणजे वरच्या कडा नीट भिडतात. शेवटी पाण्याचा उतार जुळला पाहिजे. नाही तर आपल्याकडील पावसाळा एका हंगामात चूक दाखवून देतो.

हा विचार परका नाही. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या अध्यायात जीर्ण मूर्तीच्या जागी त्याच द्रव्याची व त्याच प्रमाणाची मूर्ती स्थापावी, असे विधान आहे. विहिरी व तळी यांच्या जीर्णोद्धाराचे पुण्यही तेथेच सांगितले आहे. मूर्तीला जे द्रव्य आणि जे माप लावावयाचे, ते तिच्या अंगणालाही लावणे शोभते. १९६४ च्या व्हेनिस सनदेने यात एक भर घातली: नवा भाग जुन्याशी सुसंवादी असावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. दोहोंत आम्हांला विरोध दिसत नाही. द्रव्य आणि माप जुने ठेवावे, व तळाशी वर्ष कोरावे. देखाव्याला बाध येत नाही आणि पुढच्या पिढीची फसवणूकही होत नाही.

याउलट आज अनेक ठिकाणी दहा दगड फुटले म्हणून सारा प्राकार उखडून गुळगुळीत ग्रॅनाइट किंवा लादी बसविली जाते. पावसात त्यावरून वृद्धांचे पाय घसरतात, हा एक तोटा. अनेक पिढ्यांच्या प्रदक्षिणांनी झिजलेली वाट पुसली जाते, हा दुसरा, आणि तो भरून न येणारा.

हिंदू कायद्यात देवता ही संपत्तीची धनी, आणि कारभारी हा केवळ सांभाळ करणारा, हे तत्त्व जुने आहे. गोमंतकात १९३३ च्या नियमावलीने देवस्थानांचा कारभार महाजनांच्या हाती ठेवला, तोही कारभार म्हणूनच. सांभाळणाऱ्याने हिशेब द्यावयाचा असतो. म्हणून आमची सूचना साधी आहे: प्राकारातील एकही दगड काढण्यापूर्वी त्याचा नकाशा करावा, कोणता दगड का बदलला आणि नवा कोठून आणला हे सभेच्या इतिवृत्तात नोंदवावे, आणि जो दगड अजून भार सोसतो त्यास जागेवरच राहू द्यावे.