मित्रकीटकांची ओळख : कुंभारीण आणि बारीक कमरेच्या शिकारी माश्या

गोराई-मनोरी भागात शेतघराच्या किंवा पंपघराच्या भिंतीवर मातीचे गोळे चिकटलेले दिसतात. गांधीलमाशीचे पोळे समजून ते पाडले किंवा जाळले जातात. प्रत्यक्षात हे घर एकटी राहणाऱ्या कुंभारणीचे असते. ती घोळक्याने हल्ला करत नाही.

ओळख

स्फेसिडी कुळातील या माश्यांची कंबर दोऱ्यासारखी बारीक असते. मादी भक्ष्याला डंख मारून लुळे करते, घरट्यात ठेवते आणि त्यावर अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी ते ताजे भक्ष्य खाऊन वाढते. प्रौढ माशी फुलांतील मकरंदावर जगते.

कोण काय पकडते?

- कुंभारीण (सेलिफ्रॉन) : काळी, पिवळ्या कमरेची. घरट्यात कोळी भरते. कोळी स्वतः मित्रकीटकांसारखेच उपयुक्त असल्याने हिचा पिकाला थेट फायदा कमी.
- अमोफिला : रेताड, मोकळ्या जमिनीत बीळ खणते. पाने खाणाऱ्या, केस नसलेल्या अळ्या पकडते.
- स्फेक्स : नाकतोडे पकडते.
- क्लोरिऑन : चमकदार निळी-हिरवी. रोपवाटिकेत कोवळी रोपे कुरतडणारे मोठे रातकिडे पकडते.

मातीचे घर बांधणारी आणखी एक माशी आहे. ती वेगळ्या कुळातील असून छोट्या मडक्यासारखे घर करते आणि त्यात अळ्या भरते. भोक पडलेले जुने, रिकामे घर फोडून पाहावे. कोळ्यांचे पाय सापडले तर ते कुंभारणीचे, अळ्यांची डोकी सापडली तर मडकेवालीचे.

पोळ्याशी गल्लत नको

कागदासारखे, उघड्या षटकोनी कप्प्यांचे आणि अनेक माश्या बसलेले पोळे समूहाने राहणाऱ्या गांधीलमाश्यांचे असते. ते डिवचू नये. वाटेत असल्यास जाणकाराकडून काढून घ्यावे. डंखानंतर श्वासाला त्रास, चक्कर किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.

काय करावे?

1. अडचण नसेल तर मातीची घरटी राहू द्यावीत.
2. बांधालगत रेताड जमिनीचा छोटा, उन्हातील तुकडा न नांगरता, पाणी न साचू देता मोकळा ठेवावा.
3. तुळस, बडीशेप, कोथिंबीर यांची काही रोपे फुलोऱ्यात ठेवावीत.
4. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय रासायनिक फवारणी करू नये. करावीच लागली तर सायंकाळी करावी. या माश्या उन्हात फिरतात.

एक मादी मोजकेच भक्ष्य साठवते. त्यामुळे प्रादुर्भाव जास्त असताना केवळ यांच्यावर विसंबून राहू नये. कामगंध सापळे, ट्रायकोकार्ड आणि नियमित पाहणी चालू ठेवावी. या माश्या ट्रायकोग्रामासारख्या विकत आणून सोडता येत नाहीत. शेतात आहेत त्या जपणे, हाच उपाय आहे.