बलुत्यापासून जत्रेपर्यंत : उल्हासखोऱ्यातील कुंभारकलेची वाटचाल



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतील आपल्या समाजाची बहुतेक घरे आज नोकरीपेशाची आहेत. कोणी कारखान्यात, कोणी कचेरीत, कोणी आमच्याप्रमाणे शाळेत आयुष्य वेचले. तथापि काही घरांत चाक अद्याप फिरते आहे, आणि त्या घरांतील माणसे जत्रेत व कलामेळ्यात आपल्या हातची भांडी मांडून बसतात. या बसण्याचा काही सुशिक्षित आप्तांस संकोच वाटतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. लग्नाच्या बोलणीत तर ही गोष्ट दबक्या आवाजात सांगितली जाते. हा संकोच कितपत योग्य आहे, याचा निर्णय इतिहासाकडे पाहूनच करावा, या हेतूने आम्ही हा अल्पसा लेख सादर करीत आहोत.

जुन्या गावगाड्यात कुंभार हा बलुतेदार होता. त्याने गावास वर्षभर मडकी, रांजण, पणत्या, संक्रांतीची सुगडे व लग्नाची भांडी पुरवावीत, आणि सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यावा, अशी रीत होती. या व्यवस्थेत पोट चाले, हे खरे. परंतु मडक्यास किंमत अशी नव्हतीच. चांगले घडविले काय आणि साधारण घडविले काय, वाटा ठरलेला. शिवाय तो वाटा मिळविताना किती वेळा उंबरठ्याबाहेर तिष्ठावे लागे, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते.

जत्रेत मात्र निराळा न्याय चाले. अंबरनाथची महाशिवरात्रीची जत्रा किंवा मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील पौष पौर्णिमेची जत्रा येथे गिऱ्हाईक परगावचे असे. ते मडके हाती घेई, बोटाच्या पेराने वाजवून पाही, नाद खणखणीत आला तर रोख पैसा मोजी. कुंभाराच्या हाताची पारख करून तिचे मोल नाण्यात देणारी जागा ती हीच. ज्यास बाजारात बसणे म्हणून आपण खाली मान घालतो, त्याच बसण्याने आपल्या पूर्वजास बलुत्याच्या बाहेर प्रथम स्वतंत्र कारागीर म्हणून उभे केले, हे विसरता कामा नये.

अंबरनाथचे शिवालय आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलालेख तेथे आहे आणि त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. भिंतीवरील एकेक मूर्ती पाहून आजही मन थक्क होते. परंतु त्या मूर्ती घडविणाऱ्या हातांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत. राजा राहिला, शिल्पी हरपला. कारागिराच्या बाबतीत हे पुढेही घडत आले.

याच देवालयाशी आपल्या कलेचा एक संबंध जडलेला आहे. सन १८६८ मध्ये सरकारी आज्ञेने मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची मंडळी टेरी नावाच्या शिक्षकाच्या नेतृत्वाखाली येथे आली आणि त्यांनी शिल्पांची रेखाचित्रे व साचे तयार केले. याच टेरीसाहेबाने पुढे कलाशाळेत मातीकामाचा विभाग चालविला. सिंध प्रांतातील झिलईच्या भांड्यांची रीत आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी यांचा तेथे मेळ घातला गेला. मातीचे भांडे हे घरगुती गरजेची वस्तू न राहता कलाकृती म्हणून प्रदर्शनात मांडले जाऊ लागले. मात्र त्याचा मान कलाशाळेस मिळाला. खेड्यातील चाकापर्यंत त्यातले फारसे काही पोहोचले नाही.

सन १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी सुरू झाली, तिचा मार्ग याच खोऱ्यातून गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांस आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. घरदार टाकून आलेल्या या लोकांनी आपले सण टाकले नाहीत. दिवाळीत दुकानाचे प्रतीक म्हणून मातीची हटडी पुजण्याची त्यांची चाल आहे. आपल्याकडे ही वस्तू अपरिचित होती. आज उल्हासनगरच्या बाजारात दिवाळीस पणत्यांशेजारी हटड्या मांडलेल्या दिसतात. माती तीच, हात तसेच. गिऱ्हाईक बदलले की घडण बदलते. ज्या सिंधची झिलई पाऊणशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कलाशाळेत आली होती, त्याच सिंधचे लोक आपल्या दाराशी येऊन वसले, हा योगायोग खचित मोठा आहे.

नंतरच्या काळात ॲल्युमिनियम, पोलाद व प्लॅस्टिक यांनी स्वयंपाकघरातून मडक्यास बाहेर काढले. परंतु गेल्या काही वर्षांत शिवमंदिराच्या परिसरात भरणाऱ्या कला-महोत्सवाने व ठिकठिकाणच्या प्रदर्शनांनी त्यास दिवाणखान्यात पुन्हा जागा दिली आहे. येथे आपल्या मंडळींची एक अडचण होते, ती हिशेबाची. आम्ही आयुष्यभर मुलांस अंकगणित शिकविले, म्हणून एक उदाहरण घालतो.

समजा, दोघा माणसांनी दहा दिवस खपून माल केला आणि चार दिवस मेळ्यात बसून विकला. जागेचे भाडे २,००० रुपये, वाहतूक ८०० आणि माती, जळण व रंग मिळून १,७००. एकूण खर्च ४,५०० रुपये. विक्री झाली १२,००० रुपयांची. घरी येऊन आनंदाने सांगितले जाते की, साडेसात हजार नफा झाला. परंतु दोघांचे चौदा दिवस म्हणजे अठ्ठावीस रोज झाले. साडेसात हजारांस अठ्ठावीसने भागिले असता रोजास २६८ रुपये पडतात. हा नफा नव्हे, ही मजुरीच आहे, आणि तीही अपुरी. आव्यात तडकलेली व वाटेत फुटलेली भांडी यात धरलेलीच नाहीत. आपल्या हाताचे मोल आपणच शून्य धरले, तर गिऱ्हाइकाने ते अधिक का धरावे? बलुत्याची सवय रक्तातून अद्याप गेलेली नाही, असेच म्हणावे लागते.

यास्तव दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक भांड्याच्या बुडाशी ओल्या मातीतच करणाऱ्याने आपले नाव व गाव कोरावे. देवालयाच्या शिल्पींस जे लाभले नाही, ते आपल्या मुलाबाळांस एका काडीने साधता येईल. दुसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांमध्ये कुंभारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. अर्ज भरण्यास ज्यांस कागदपत्रांची भीती वाटते, त्यांस आपल्यातील कचेरीत काम केलेल्या मंडळींनी हात द्यावा. समाजकार्य म्हणून याहून वेगळे काही शोधण्याचे कारण नाही.

नोकरदार कुटुंबांसही एक विनंती आहे. येत्या महाशिवरात्रीस आपला कोणी नातलग माल मांडून बसला असेल, तर त्यास टाळून दुसऱ्या वाटेने जाऊ नये. मुलांस घेऊन त्याच्यापाशी थांबावे, घटकाभर शेजारी बसावे, आणि वस्तू घेतली तर नात्याची सवलत न मागता पुरती किंमत द्यावी.