कुंडीतला उभा निवडुंग : घरचा की भायलो?

आमच्या बाल्कांवात एका कुंडीत खांबासारखा सरळ वाढलेला निवडुंग आहे. येणारा-जाणारा त्याला बघून हमखास म्हणतो, "हा तर आपला त्रिधारी निवडुंग, आमच्या वंयीला आहे." दिसायला तसा आहे खरा. पण तो 'आपला' नाही. दोघांत नात्याचा धागासुद्धा नाही. गोव्यात आपला कोण आणि भायलो कोण हा वाद रोजचाच, तेव्हा झाडांच्या बाबतीत तरी तो एकदा नीट तपासून बघू.

अस्सल निवडुंगाचे, म्हणजे कॅक्टसचे, कूळ अमेरिका खंडातले. फांद्यांना लोंबकळणारी ऱ्हिपसॅलिस ही एकच जात आफ्रिका आणि श्रीलंकेपर्यंत आपसूक पोचलेली सापडते. बाकी सगळी मंडळी 1492 नंतर माणसाच्या हाताने इकडे आली. खांबासारखा वाढतो त्याचे शास्त्रीय नाव सेरियस. बाजारात त्याला 'पेरुव्हियानस' म्हणतात, पण त्या नावाने विकली जाणारी बहुतेक झाडे पेरूची नव्हेत, ब्राझीलचा दक्षिण भाग, उरुग्वे, अर्जेंटिना इकडची. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखात त्याचाच भाऊबंद 'मांदाकारू' वाढतो. दुष्काळात तिथले लोक त्याचे काटे जाळून तो गुरांना घालतात आणि त्याला फूल आले की पाऊस जवळ आला असे समजतात. हा ब्राझील आपल्याला परका नाही. काब्राल 1500 साली भारताकडे निघालेला असतानाच तिथे पोचला. काजू तिथूनच आपल्याकडे आला, आणि आपल्याकडचे फणस, आंबे तिकडे गेले.

आता आपला त्रिधारी. तो युफोर्बिया अँटिक्वोरम, म्हणजे शेर आणि एरंड यांच्या कुळातला, अस्सल भारतीय. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याच्या 'होर्तुस मलाबारिकुस' (1678 ते 1693) या बारा खंडांच्या ग्रंथात तो 'शदिदा कळ्ळी' या मल्याळी नावाने येतो. त्या ग्रंथासाठी मदत करणारे रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीतले कोंकणी भाषक. त्यांनी 1675 साली दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणीत, नागरी लिपीत छापले आहे. गोव्यातून उठून गेलेल्या समाजातल्या माणसांचा हात या कामाला लागला होता, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते.

मग दोन झाडे एकसारखी का? कारण संकट एकच, पाणी नाही. पाने टाकून द्यायची, खोड हिरवे आणि जाड करायचे, त्याला धारा काढायच्या. भजनातल्या पेटीचा भाता आठवा. पाणी मिळाले की धारा फुगतात, संपले की मिटतात. कॅक्टस आपली श्वासरंध्रे रात्री उघडतो, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. दोन खंडांत, एकमेकांना न विचारता, दोघांनी तोच तोडगा काढला.

ओळखायचे कसे? त्रिधारीचे काटे जोडीने येतात आणि खरचटले की पांढरा चीक गळतो. हा चीक डोळ्यात गेला तर मोठी इजा होते, म्हणून मुले असलेल्या घरात हा फरक माहीत हवाच. सेरियसला चीक नसतो, काटे एका लहान गादीतून झुबक्याने निघतात आणि मोठे पांढरे फूल रात्री उमलून सकाळी मिटते.

कॅक्टस इथे आणला तो शोभेसाठीच असेही नाही. किरमिजी रंग देणारा किडा फड्या निवडुंगावर जगतो आणि त्या रंगाची मक्तेदारी स्पेनकडे होती. ती मोडायला ईस्ट इंडिया कंपनीने धडपड केली. 1795 साली कॅप्टन नीलसनने रिओ द जानेरोहून किडे बंगालात आणले. किडा हलक्या जातीचा निघाला. रंग बेताचाच, पण फड्या निवडुंगाची एक जात त्याने खाऊन साफ केली. पुढे दक्षिण भारतात दुसऱ्या जातीने रान माजवले, तेव्हा 1926 मध्ये मुद्दाम दुसरा किडा सोडून तिला आवरावे लागले.

आता निगा. आपल्याकडे वर्षाला साधारण 120 इंच पाऊस. ऊन या झाडाला मारत नाही, पाणी मारते. माती एक भाग, जाड रेती आणि चिऱ्याची बारीक खडी मिळून दोन भाग. कुंडीच्या बुडाला भोक हवेच. पावसाळा संपल्यावर माती पूर्ण सुकली की मगच पाणी, म्हणजे दहा-पंधरा दिवसांनी एकदा. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्यांपासून आत ओढायची आणि पाणी जवळजवळ बंद. पावसाळ्यानंतर एकदम कडक उन्हात ठेवू नये, साल भाजते. बूड मऊ आणि तपकिरी झाले तर वरचा निरोगी भाग स्वच्छ सुरीने कापावा, सावलीत दहा-बारा दिवस जखम सुकू द्यावी आणि कोरड्या रेतीत उभा करावा. मूळ धरतो. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसावी. चिरडल्यावर लाल डाग पडला तर समजा, कंपनीने जिच्यामागे पैसा ओतला तिचीच ती नातेवाईक.

राहिला प्रश्न आपला-परका. काजूला आज कोणी भायलो म्हणत नाही. उलट 2009 पासून फेणीला गोव्याची म्हणून भौगोलिक मानांकन आहे. या मातीत मूळ धरले, इथला पावस सोसला, की पिढ्या मोजायच्या कशाला? मात्र वंयीवरच्या त्रिधारीला 'रानटी' म्हणून उपटून तिथे विकतचा सेरियस लावणे मला पटत नाही. पाहुण्याला बाल्कांवात जागा द्यावी, घरच्याला वंयीवरून हाकलू नये. कुंपण घालताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.