मुका शेतकरी आणि बोलका शेतकरी : 'सावकारी पाश'ची दोन रूपे

बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' दोनदा काढला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२५ साली मूकपट म्हणून, आणि पुन्हा १९३६ साली बोलपट म्हणून. कथा ना. ह. आपटे यांची : सावकारापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची. मूकपटात ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. तो मूकपट आज उपलब्ध नाही. अशा पुनर्निर्मितीचा विचार बहुधा तंत्राच्या अंगाने होतो. येथे तो भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

प्रथम एक विसंगती. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळण्यात आली. निरक्षर माणूस लेखी शब्दाने बांधला जातो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. शेतकऱ्यांची खते ग्रामनिबंधकासमोर करण्याचे बंधन १८७९ च्या कायद्याने घातले, तेही याच अनुभवातून. आणि अशा ऋणकोची कहाणी मूकपट सांगणार ती पडद्यावरील लेखी पाट्यांतून!

तथापि पाटीला उच्चार नसतो. ती मोठ्याने वाचून दाखविणारा शेजारी थिएटरात भेटे, आणि त्याच्या तोंडी 'मला'चे 'मले' झाले तरी चित्रपटाचे काही बिघडत नसे. पाटीवरील 'शेत' कोल्हापूरकडील प्रेक्षकाने 'रान' समजावे, आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील प्रेक्षकाने 'वावर'. गमावलेली जमीन ज्याची त्याला आपल्या शब्दात ऐकू येई. बोलपटात ही मोकळीक उरली नाही. नटाला एकच शब्द उच्चारावा लागतो, आणि तो एका प्रदेशाचा किंवा पुस्तकाचा असतो. मूकपटाच्या पाट्या बदलल्या की भाषा बदले. उलट 'प्रभात'ला १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत व हिंदीत निरनिराळा चित्रित करावा लागला. दोन भाषांसाठी हा खर्च परवडला. 'रान' आणि 'वावर' यांच्यासाठी तो कोण करणार?

मात्र यावरून बोलपट उणा ठरविणे घाईचे होईल. मूकपट पुसट आठवत असलेल्या जे. बी. एच. वाडिया यांना पेंटरांची थोरवी पटली ती बोलपट पाहून. त्यांच्या मनात राहिले होते अंधुक प्रकाशातील एका उदास झोपडीचे दृश्य. त्यात संवाद नाही. ऐकू येते ते फक्त कुत्र्याचे भेसूर रडणे.