देवाच्या दारी धरणे : तुकोबांच्या गाथेतली न मिटलेली शंका

तळेगाव दाभाडे सोडून चाकणच्या दिशेने निघाले की इंद्रायणीकाठचे इंदोरी लागते, दाभाड्यांची गढी मागे पडते आणि थोड्याच वेळात भंडारा डोंगर दिसू लागतो. तेथून जवळच सुदुंबरे, म्हणजे संताजी जगनाडे यांचे समाधिस्थान. तळेगावापाशी वाहणारी हीच इंद्रायणी पुढे देहूला जाते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात एवढ्याशा टापूत एका वाण्याने एक अवघड प्रश्न फार स्पष्ट शब्दांत विचारला. देवाशी माझे नाते आहे असे मी म्हणतो खरे, पण देवाच्या बाजूनेही ते आहे, हे कशावरून?

त्या प्रश्नाचा आणि तो आपल्यापर्यंत ज्या वह्यांतून पोहोचला त्या वह्यांचा हा धागा.

तुकोबांचे चरित्र आपण सहसा एका ठरावीक क्रमाने ऐकतो. १६३०-३२ चा भीषण दुष्काळ, थोरल्या पत्नीचा अन्नावाचून मृत्यू, दुकानाचे दिवाळे, वैराग्य, भंडाऱ्यावरचा एकांत, देव भेटत नाही म्हणून तळमळ, वह्या इंद्रायणीत, तेरा दिवसांचे उपोषण, वह्यांचे तरून येणे आणि १६५० मध्ये वैकुंठगमन. या मांडणीत शंका ही जिन्याची एक पायरी ठरते. पाय ठेवला, पुढे गेले, पायरी मागे राहिली. कथा म्हणून हे फार सुबक आहे. इतिहास म्हणून ते कितपत टिकते, हे पाहण्यासाठी आधी तुकोबांच्या व्यवसायाकडे वळावे लागते.

तुकोबांच्या घराण्यात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. वडिलांच्या मागे घरात कर्जखतांचे गाठोडे होते. परंपरा सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी वाटणी करून तुकोबांनी आपल्या हिश्शाची खते इंद्रायणीत सोडली. लोकांकडून येणे असलेली रक्कम त्यांनी अशी एका झटक्यात सोडून दिली. पण देवाकडचे येणे मात्र सोडले नाही. गाथेत देवाशी चाललेले बोलणे पुष्कळदा थेट पेढीवरचे आहे. ऋण, खत, व्याज, जामीन, तगादा. कुणी देवाला प्रियकर म्हणावे, कुणी मायबाप. तुकोबाही मायबाप म्हणतात, पण त्याच देवाला ते बुडवेगिरी करणारा ऋणको म्हणूनही दारात गाठतात.

येथे ‘धरणे’ या शब्दाचा इतिहास ध्यानात घ्यायला हवा. आज धरणे म्हटले की जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा मंडप डोळ्यांपुढे येतो. जुन्या काळी तो वसुलीचा मार्ग होता. धनको ऋणकोच्या दाराशी उपाशी बसे. तो तेथेच मेला तर त्याचे पाप ऋणकोच्या माथी, आणि त्या पापाचा हिशेब देव घेणार, ही त्यामागची धाक घालणारी समजूत. ब्रिटिशांना हा प्रकार इतका ठाऊक होता की १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०८ मध्ये, देवाच्या कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण म्हणून दाराशी धरणे धरून बसणाऱ्या माणसाचाच दाखला दिला गेला.

म्हणजे धरण्यात तिघे असतात : मागणारा, देणारा आणि वरून पाहणारा देव. आता तुकोबांचे धरणे पाहा. रामेश्वर भटांच्या आज्ञेवरून वह्या डोहात गेल्या आणि तुकोबा देवळासमोर शिळेवर अन्नपाणी सोडून बसले. येथे देणेकरी खुद्द देवच. मग तो बुडवा निघाला तर त्याला कोप कुणाचा होणार? तक्रार कोणाकडे न्यायची? सगळा व्यवहार ज्या तिसऱ्या साक्षीदारावर उभा असतो, तोच येथे प्रतिवादी होऊन बसला आहे. देवाशी वैयक्तिक नाते जोडणाऱ्या कोणत्याही श्रद्धेतला सर्वांत नाजूक सांधा तो हाच. समोरचा बोललाच नाही, तर तो बोलला नाही की तेथे कोणी नव्हतेच, हे ठरवणार कोण?

तुकोबांना ही अडचण पुरती दिसली होती. गाथेत असे अभंग आहेत ज्यांत ते देवाला निष्ठुर म्हणतात, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेली वर्णने आपण उगाच पुढे सांगत सुटलो काय, असे स्वतःला विचारतात, अनुभव नसताना कवित्व करण्याची लाज बोलून दाखवतात. एका अभंगात तर आपल्यापुरता देव संपला, इतरांचे इतरांनी पाहावे, इथवर ते जातात. तेथे वापरलेला ‘लेखी’ हा शब्द आज आपण ‘माझ्या दृष्टीने’ अशा अर्थाने सहज वापरतो. त्याचे मूळ लेख्यात, म्हणजे हिशेबात आहे. वाण्याच्या तोंडी तो ऐकला की वहीत खाते बंद केल्याची रेघ ओढल्यासारखे वाटते.

याहून चकित करणारी गोष्ट तेरा दिवसांनंतरची. वह्या पाण्यातून कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा. पुरावा मिळाला, नाते सिद्ध झाले, आता जयजयकार, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्या प्रसंगाचे म्हणून गायले जाणारे अभंग पश्चात्तापाचे आहेत. लोकांच्या बोलण्याला भुलून आपण देवाचा अंत पाहिला, त्याला पाण्यात उभे केले, हा अन्याय झाला, असा त्यांचा सूर आहे. उत्तर मिळाल्यावर तुकोबांना उत्तर मागितल्याचीच खंत वाटते. चमत्कारावर विश्वास असो वा नसो, हा सूर चमत्कारापेक्षा अधिक विचार करण्याजोगा आहे. पुराव्याने सिद्ध करावे लागणारे नाते त्यांना नातेच वाटत नसावे.

आता वह्यांकडे. १८६९ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांच्या गाथेचा पहिला खंड निघाला. दुसरा १८७३ मध्ये आला. संपादक विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित. शिक्षण खात्याचे संचालक अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने सरकारने त्यासाठी २४,००० रुपये मंजूर केले होते. संपादकांनी ज्या हस्तलिखित प्रती ताडून पाहिल्या त्यांत देहू, कडूस आणि पंढरपूर यांबरोबर तळेगावची प्रत होती. पुढे वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून निराळी गाथा प्रसिद्ध केली.

या प्रतींचे एक वैशिष्ट्य साऱ्या चरित्रकथेला छेद देते. साडेचार हजारांहून अधिक अभंगांपैकी बहुतेकांवर काळाची नोंद नाही, आणि अभंगांचा क्रम प्रतीगणिक बदलतो. कोणता अभंग दुष्काळानंतरचा, कोणता अखेरच्या वर्षातला, हे फारच थोड्या ठिकाणी सांगता येते. शंकेचा अभंग आणि तृप्तीचा अभंग वहीत शेजारी शेजारी नांदतात. शंका आधी आणि साक्षात्कार नंतर, हा क्रम वह्यांनी दिलेला नाही. तो वाचणाऱ्यांनी लावला आहे.

तो लावण्यात महिपतींचा वाटा मोठा. त्यांचे ‘भक्तलीलामृत’ १७७४ चे, म्हणजे तुकोबांच्या नंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेले. विसाव्या शतकात गुरुदेव रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील गूढवादावरील आपल्या १९३३ च्या इंग्रजी ग्रंथात तेच काम तत्त्वज्ञाच्या परिभाषेत केले. स्पेनमधला सोळाव्या शतकातला संत योहान ‘आत्म्याची काळरात्र’ म्हणतो, तशी काळरात्र तुकोबांनी भोगली आणि मग पहाट झाली, अशी ती मांडणी. रानड्यांची अभंगांवरची पकड विलक्षण आहे, पण रात्र आणि पहाट यांचा क्रम त्यांनी बाहेरून आणला, हेही खरे. तळेगावातच वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकरांना ‘तुका आकाशाएवढा’ लिहिताना क्रम लावणे भागच होते. कादंबरी त्याशिवाय उभी राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकावर तशी सक्ती नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या सुशिक्षितांची गरज आणखी वेगळी होती. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाला मूर्ती, पुरोहित आणि कर्मकांड वगळून भक्त आणि ईश्वर यांचा थेट संवाद हवा होता. रा. गो. भांडारकर, म. गो. रानडे यांना तो तुकोबांत सापडला. नारायण वामन टिळक तर तुकोबांना ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल मानत. त्यांना दिसले ते खोटे नव्हे. मात्र एकेकट्या माणसाचे देवाशी खासगी नाते, ही चौकट देहूच्या वाण्याला पुरती बसत नाही. त्याला कवित्वाची आज्ञा झाली ती स्वप्नात, नामदेवांच्या मुखाने. गुरुमंत्रही स्वप्नातच, बाबाजी चैतन्यांकडून. देवापर्यंतचा त्याचा रस्ता माणसांच्या रांगेतून जातो.

आणि त्या रांगेबाहेर जिजाबाई उभी आहे. घरात दाणा नाही, मुले भुकेली, नवरा डोंगरावर. परंपरेने तिला कजाग ठरवले, पण विठ्ठलाला घरबुडव्या ठरवून शिव्या देणाऱ्या या बाईला कथेतून काढून मात्र टाकले नाही. उलट भाकरी घेऊन भंडारा चढणारी तीच. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात आजारी पोराला घेऊन, हातात पायताण धरून देवळात शिरणारी गौरीबाईंची जिजाई ज्यांनी पाहिली, त्यांना ते दृश्य विसरता येत नाही. नवरा देवाकडे आपले येणे मागतो. ती विचारते की या व्यवहारात आमचे काय? पतीच्या प्रश्नांचे अभंग झाले, तिच्या प्रश्नांच्या आख्यायिका झाल्या. ज्याच्या हाती वही असते त्याचीच शंका त्याच्या शब्दांत उरते.

तुकोबांची शंका उरली, कारण ती लिहून ठेवणारे टाळकरी तिला घाबरले नाहीत. देव संपल्याचे सांगणारा अभंग नकलून काढताना तो गाळणे सोपे होते. पिढ्यानपिढ्या नकला झाल्या, छापखाने आले, सरकारी खर्चाने गाथा निघाली, आणि तो अभंग आजही तेथेच आहे. त्यातला ‘माझे’ हा शब्द एका माणसाच्या तोंडून निघालेला. वारकऱ्यांच्या मुखी मात्र गाथा येते ती बहुधा कीर्तनात, पखवाजाच्या तालावर, शेकडोंच्या आवाजात.